पाठीवरचा डबा

‘शिकाऊ विमान कोसळले, एक ठार’ हा मथळा मराठी वाचकाला नवा नाही. गोंदिया, बारामती, शिरपूर, अमरावती या गावांत वैमानिक घडवण्याच्या शाळा आल्या, तसा तो जिल्हा आवृत्त्यांतही रुळला. त्यातल्या ‘शिकाऊ’ या विशेषणाकडे जरा बघा. विमान काही शिकत नसतं. आपली मुलं ज्या सेसना १५२ वर हात बसवतात, तिचं उत्पादन १९८५ सालीच थांबलं. म्हणजे हे ‘शिकाऊ’ विमान चालवणाऱ्यापेक्षा वीस-वीस वर्षांनी थोरलं असतं. शिकत असते ती आत बसलेली पोरगी किंवा पोरगा. मथळ्यातून माणूस गळतो आणि त्याचं विशेषण यंत्राला चिकटतं.

मथळ्यातून गळलेला माणूस बातमीच्या शेवटच्या ओळीत परत येतो. ‘वैमानिकाला पुरेसा अनुभव नसल्याने ताबा सुटला असावा, असा प्राथमिक अंदाज आहे.’ माझं भांडण या ओळीशी आहे. ती कारणासारखी दिसते, पण कारण सांगत नाही. शिकणाऱ्याला अनुभव नसतो ही काही तपासातून हाती लागलेली माहिती नव्हे, ती शिकणाऱ्याची व्याख्याच आहे. अनुभव असता तर तो शिकायला कशाला आला असता? पुलावरून बस नदीत पडली तर ‘नदीत पाणी असल्याने प्रवासी बुडाले’ असं कोणी लिहीत नाही, कठडा का तुटला ते विचारतात. विमानाच्या बाबतीत आपण पाण्यापाशीच थांबतो.

मला हे पहिल्यांदा नीट कळलं ते इंग्लंडमधल्या एका अपघातामुळे. १९ जुलै २००६. लंडनच्या पूर्वेला, टेम्सच्या मुखाजवळचं साउथएंड विमानतळ. सेसना १५० जातीच्या दोन आसनी विमानात सोळा वर्षांचा एक मुलगा एकटाच होता. ब्रिटनमध्ये सोळाव्या वर्षी एकट्याने उडता येतं. आपल्याकडेही शिकाऊ वैमानिकाच्या परवान्याला वयाची अट तीच आहे. त्याचं हे एकट्याने केलेलं दुसरं उड्डाण, सोलो क्रमांक दोन. तो विमानतळाभोवती फेऱ्या मारत होता. उडायचं, वळसा घ्यायचा, उतरायचं. अशाच एका फेरीत तो उतरण्याच्या सरळ रेषेत आला. त्याच्या मागून एक बरंच वेगवान विमान त्याच धावपट्टीकडे येत होतं आणि दोघांतलं अंतर कमी होत चाललं होतं.

टॉवरने त्याला उतरणं सोडून पुन्हा वर जायला सांगितलं. याला ‘गो-अराउंड’ म्हणतात आणि ते प्रत्येक विद्यार्थ्याला सोलोआधी शिकवलेलं असतं. पण पाठोपाठ दुसरी सूचना आली. ते राहू दे, डावीकडे वळ आणि उत्तरेला जा, मी तुला परत बोलावतो, अशा अर्थाची. मुलाने ऐकलं आणि वळला. काही क्षणांत विमानाचा वेग इतका उतरला की पंखांनी भार उचलणं सोडून दिलं. धावपट्टीच्या अलीकडच्या सार्वजनिक बागेत ते कोसळलं. जमिनीवर कोणाला इजा झाली नाही. मुलगा गेला.

डावीकडे वळून उत्तरेला जायचं, त्यात काय कठीण? हा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर त्या केबिनच्या आत आहे, म्हणून जरा तिथे बसून बघू. सेसना १५० पूर्ण भरली तरी सव्वासातशे किलोंची, म्हणजे आपल्या ऑल्टोएवढी, आणि इंजिन शंभर अश्वशक्तीचं. उतरण्याच्या रेषेवर असताना इंजिनचं बळ ठरवणारा थ्रॉटल बराच मागे ओढलेला असतो. पंखांच्या मागच्या कडेचे फ्लॅप खाली सोडलेले असतात, म्हणजे विमान हळू चालतं पण हवेला अडतंही जास्त. वेग साठ नॉटच्या आसपास, ताशी ११० किलोमीटर. पंख भार सोडतात तो वेग याच्या फार खाली नसतो. आता वर जायचं तर थ्रॉटल पूर्ण पुढे. तसं करताच नाक आपोआप वर उसळतं, कारण सगळं उतरण्यासाठी जुळवलेलं असतं. ते एका हाताने दाबून धरायचं. पंख्याच्या ओढीने विमान डावीकडे सरकू बघतं, म्हणून उजव्या पायाने रेटायचं. मग फ्लॅप एकदम नाही, टप्प्याटप्प्याने वर घ्यायचे. हे सगळं सरळ रेषेत, नाकासमोर बघत. विद्यार्थ्याने गिरवलेलं असतं ते एवढंच, आणि या क्रमाने.

वळणात आणखी एक गोष्ट होते. विमान कलतं, तेव्हा पंखांना जास्त भार पेलावा लागतो आणि ते भार सोडण्याचा वेग वर चढतो. तीस अंश कललं तर सुमारे सात टक्क्यांनी, पंचेचाळीस अंशांना एकोणीस टक्क्यांनी. म्हणजे विमान तेवढ्याच वेगाने चाललेलं असतं, पण पायाखालची पायरी सरकलेली असते. इंजिनचं बळ वाढवलेलं नसेल, फ्लॅप तसेच लोंबत असतील आणि त्यात वळण आलं, तर शिल्लक उरते ती काही सेकंदांची. उंचीही एवढी कमी की विमान सावरायला जागा नाही.

आता त्या दोन सूचना परत वाचा. पहिली सांगते, वर जा. दुसरी सांगते, ते राहू दे, वळ. यातलं नक्की काय राहू द्यायचं? वर जाणंही? थ्रॉटल पुढे सारायचा की नाही? चारशे तास उडालेला माणूस मनात म्हणेल, ‘याला मला बाजूला काढायचंय, बाकी माझं मी बघतो,’ आणि बळ वाढवून, फ्लॅप घेऊन, आरामात वळेल. त्याला न सांगितलेलं ऐकू येतं. नवशिक्याला फक्त सांगितलेलं ऐकू येतं. ब्रिटनच्या हवाई अपघात तपास विभागाने अहवालात ज्या आशयाचं लिहिलं त्याचा मथितार्थ असा: त्या मुलाला त्याचं प्रशिक्षण आणि अनुभव यांनी ज्याची तयारी करून दिली नव्हती, अशा परिस्थितीत टाकण्यात आलं. हे वाक्य आणि ‘अनुभव नसल्याने ताबा सुटला’ हे वाक्य शेजारी ठेवून बघा. माहिती जवळपास तीच आहे, पण कर्ता बदललाय. दुसऱ्या वाक्यात मुलगा काहीतरी करतो. पहिल्यात त्याच्या बाबतीत काहीतरी केलं जातं.

मग दोष टॉवरमधल्या नियंत्रकाचा? तसंही मला वाटत नाही. त्याच्यापुढे दोन विमानं होती, एक मंद, एक वेगवान, आणि ती एकमेकांवर येऊ नयेत ही त्याची चिंता. पुढच्या विमानात कोण आहे, तीस वर्षं उडणारा निवृत्त माणूस की कालपरवा पहिल्यांदा एकटा सोडलेला पोर, हे त्याला आवाजावरून कळावं अशी कुठलीही रीत तेव्हा नव्हती. रेडिओवर दोघांची ओळख एकच, विमानाच्या शेपटीवरची अक्षरं.

इथे मला आमच्या आजोळची विहीर आठवते. आम्ही सगळी भावंडं त्या विहिरीत पोहायला शिकलो, पाठीला गोडेतेलाचा रिकामा डबा बांधून. डब्याचं तोंड झाळून बंद केलेलं असायचं. काहींच्या पाठीला सुका भोपळा, काहींच्या पांगाऱ्याचा बिंडा. डबा तरंगवायचा हे खरंच, पण तो आणखी एक काम करायचा. काठावरून मुटके मारणाऱ्या थोरल्या पोरांना तो लांबून दिसायचा. डबा दिसला की त्या बाजूला उडी टाकायची नाही, हा न सांगता पाळलेला नियम होता. एक दिवस मामा म्हणाला, आज डबा सोडायचा. त्या दिवशी अख्खी विहीर माझ्यासाठी रिकामी केली. सगळे पायऱ्यांवर बसून बघत होते. मी पाच हात पोहलो आणि मोठा तीर मारल्यासारखा वर आलो.

दुसऱ्या दिवशी मी असाच बिनडब्याचा उतरलो. आता मी इतरांसारखाच एक होतो. मधोमध असताना एका मावसभावाने माझ्या हातभर अंतरावर मुटका मारला. पाणी डोक्यावरून गेलं, नाकातोंडात शिरलं आणि हातपाय मारायचे असतात हेच मी विसरलो. मामाने केसाला धरून वर काढलं. मला पोहता येत नव्हतं असं नाही. अंगावर लाट आल्यावर पोहता येत नव्हतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्यामधल्या काळात माणूस सगळ्यात उघडा असतो. पहिल्या दिवशी सगळ्यांना माहीत असतं. दुसऱ्या दिवशी कोणालाच नसतं.

उड्डाणशाळांतही पहिल्या सोलोचा सोहळा असतो. आपल्याकडे विमानातून उतरल्यावर बादलीभर पाणी ओततात. अमेरिकेत सदऱ्याची मागची शेपटी कापून भिंतीवर टांगतात. जुन्या विमानांत गुरू मागच्या आसनावर बसून शिष्याचा सदरा ओढून त्याला सूचना द्यायचा, आता त्याची गरज उरली नाही, असा त्याचा अर्थ सांगतात. दुसऱ्या सोलोला पाणी ओतत नाहीत.

विहिरीवर तिसऱ्या दिवशी मामाने माझ्या दंडाला लाल फडकं बांधलं. त्याने तरंगायला काडीची मदत होत नव्हती, पण मावसभाऊ लांब राहिला. साउथएंडनंतर ब्रिटनने नेमकं हेच केलं. एकट्याने उडणाऱ्या विद्यार्थ्याने टॉवरशी पहिला संपर्क साधताना आपल्या विमानाच्या अक्षरांआधी ‘स्टुडंट’ हा शब्द उच्चारायचा. नवं यंत्र नाही, नवा रडार नाही, खर्च शून्य. एक शब्द, आणि ऐकणाऱ्याने पुढचं वाक्य सोपं, एकपदरी करायचं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. आकाश म्हणजे बालवाडी नव्हे. ज्याला अचानक आलेली सूचना झेपत नाही, त्याला एकटं सोडलंच का? शिवाय अशी लाल फडकी बांधत बसलो तर वैमानिक तयार कधी होणार? वादळात, बिघाडात, रात्री त्याच्यासाठी कोण विहीर रिकामी करणार आहे?

आक्षेपाचा पहिला भाग मला अर्धा मान्य आहे. सोलोला सोडण्याचा निर्णय प्रशिक्षकाचा असतो, आणि ‘सगळं आलं’ म्हणून कोणी कोणाला सोडत नाही. ठरलेल्या हद्दीतलं आलं म्हणून सोडतात. वारा इतपत, उंची इतकी, फेरी अमुक. ही हद्द म्हणजे शिक्षकाने दिलेला शब्द असतो. मुलगा हद्द ओलांडून गेला तर चूक त्याची. हद्दच त्याच्या अंगावर चालून आली तर? दुसऱ्या भागात तर मला सरळसरळ गफलत दिसते. केबिनमध्ये एकटं असणं हा शिक्षणाचा भाग आहे, त्याशिवाय हात बसत नाही. पण आकाशात एकटं असणं कोणत्याच अभ्यासक्रमात नाही. मराठीत शिकण्याच्या या काळाला जुना शब्द आहे, उमेदवारी. वकिलाकडे, सुताराकडे, छापखान्यात लोक उमेदवारी करायचे. त्या शब्दात उमेद आहे आणि कोणीतरी मालक गृहीत आहे, चुकीचा खर्च पोटात घालणारा. बिघडलेला पाट उमेदवाराच्या नावावर लिहिला जात नसे.

पॉल क्रेग या अमेरिकन प्रशिक्षकाचं ‘द किलिंग झोन’ नावाचं पुस्तक आहे. त्याचं म्हणणं, हौशी वैमानिकांचे प्राणघातक अपघात दाटतात ते साधारण पन्नास ते साडेतीनशे तासांच्या पट्ट्यात. त्याच्या आकडेमोडीवर पुढे वाद झाले आणि पट्टा कदाचित त्याहून लांब असेल. पण वादातही एक गोष्ट टिकून राहते. सर्वांत कमी अनुभव असतो तो पहिल्या पन्नास तासांत. अननुभव हेच कारण असतं तर अपघात तिथे दाटायला हवे होते. ते दाटतात परवाना हाती आल्यावर, गुरूची नजर हटल्यावर. कोरी पाटी तितकी मारक नाही, पाटी कोरी आहे हे पाहणारं कोणी नसणं मारक आहे.

अर्थात सगळ्यांना माहीत असणं पुरेसं असतं, असंही नाही. याचा सर्वांत वाईट दाखला अमेरिकेतलाच. एप्रिल १९९६ मध्ये जेसिका डुब्रॉफ नावाची सात वर्षांची मुलगी कॅलिफोर्नियातून निघाली, देश ओलांडून पूर्व किनारा गाठायला. बरोबर वडील आणि प्रशिक्षक. ती शिकतेय हे साऱ्या अमेरिकेला ठाऊक होतं. मुक्कामागणिक कॅमेरे होते. कायद्याने ती शिकाऊ वैमानिकही नव्हती, वय कुठे होतं. विमानाचा जबाबदार वैमानिक प्रशिक्षकच होता. ११ एप्रिलला सकाळी वायोमिंगमधल्या शायनहून ते विमान पावसात, चालून येणाऱ्या वादळाच्या तोंडावर उडालं. विमानतळ समुद्रसपाटीपासून सहा हजार फुटांवर, तिथली हवा विरळ. विमान ठरलेल्या वजनापेक्षा सुमारे त्रेचाळीस किलोंनी जड. तिघंही गेले. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने प्रमुख ठपका ठेवला तो अशा हवेत उडण्याच्या प्रशिक्षकाच्या निर्णयावर, आणि पुढे नोंदवलं की अतिमहत्त्वाकांक्षी वेळापत्रक पाळण्याच्या आग्रहाचा त्यात हात होता. त्या आग्रहामागे अंशतः माध्यमांना दिलेले शब्द होते. त्याच वर्षी असल्या विक्रमी उड्डाणांत परवाना नसलेल्या मुलांच्या हाती सुकाणू देण्याला बंदी घालणारा कायदा झाला.

साउथएंडला लाल फडकं नव्हतं. शायनला फडक्याचा झेंडा झाला होता. विहीर रिकामी करायच्या ऐवजी लोक काठावर तिकिटं काढून बसले होते. ‘अनुभव नसल्याने’ ही ओळ मात्र दोन्हीकडे तितक्याच सहजपणे लिहिता आली असती. तिचा निरुपयोगीपणा मला यातच दिसतो.

आपल्याकडचा पेच थोडा वेगळा आहे. व्यावसायिक परवान्याला २०० तास लागतात, त्यातले १०० विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन. पावसाळा काही महिने खातो, हिवाळ्यात धुकं सकाळ खातं. खर्च पन्नास लाखांच्या घरात. शेत किंवा फ्लॅट गहाण पडलेला असतो. अशा घरातलं मूल धावपट्टीवर जातं तेव्हा त्याच्या डोक्यात एक मीटर चालू असतो, रिक्षासारखा. ‘आज नको, मला जमणार नाही’ म्हणायला त्याला किती धैर्य लागत असेल? त्यात आमची शाळा. सरांना उलट बोलायचं नाही, मोठ्यांनी सांगितलं की ‘हो’ म्हणायचं, कळलं नाही तरी मान हलवायची. टॉवरमधला आवाज म्हणजे सरच, आणि तोही इंग्रजीत. साउथएंडच्या मुलाची मातृभाषा इंग्रजी होती, तरी त्याने प्रतिप्रश्न केला नाही. गेवराईच्या किंवा देवरीच्या मुलाकडून मग काय अपेक्षा करायची?

वैमानिकांच्या रेडिओ भाषेत नकारासाठी एक रीतसर शब्द आहे, ‘अनेबल’. जमणार नाही. तो म्हणायला कारण द्यावं लागत नाही, माफी मागावी लागत नाही. नियंत्रकाने त्यावर रागवायचं नसतं, दुसरी वाट द्यायची असते. त्याच्या जोडीला ‘से अगेन’, पुन्हा सांगा. माझ्या मते स्टुडंट या शब्दाइतकेच हे दोन शब्द पहिल्या सोलोआधी घोटून घ्यायला हवेत, फ्लॅप आणि थ्रॉटलबरोबर, तोंडपाठ.

आमच्या इमारतीतली एक मुलगी विदर्भातल्या एका संस्थेत उड्डाण शिकते. मागच्या दिवाळीत घरी आली होती. संध्याकाळी चकल्यांचा वास आणि बाहेरच्या खोलीत ही, मांडीवर वही घेऊन, रेडिओवरची वाक्यं घोकतेय. काल्पनिक टॉवर, काल्पनिक वारा, धावपट्टीचा क्रमांक, सगळं धाडधाड. सोलो अजून व्हायचा होता. मी म्हटलं, “आता मी टॉवर. आणि मी तुला काहीतरी भलतंच सांगितलं. तू नाही कसं म्हणशील?”

“तसं सहसा सांगत नाहीत, काका.”

“समज सांगितलं.”

तिने वहीची पानं उलटली. शब्द होता, शेवटून दुसऱ्या पानावर, यादीत. वर्गात हात वर करून परवानगी मागावी तशा आवाजात ती तो पुटपुटली. मी म्हटलं, “ऐकू नाही आलं टॉवरला.” ती हसली, पाठ सरळ केली आणि मोठ्याने म्हणाली. स्वयंपाकघरात झारा थांबला.

“कोणावर ओरडतेयस गं?” आईने आतून विचारलं.